चालीचे राखणदार

चर्चमधलं गाणं म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र येतं. पांढरे झगे, हातात उघड्या वह्या, समोर हात हलवणारा संचालक आणि सोप्रानो, आल्टो, टेनर, बास अशा चार थरांत वर चढत गेलेला सूर. हे चित्र सिनेमानं दिलं, मुंबईतल्या नाताळच्या कार्यक्रमांनी पक्कं केलं आणि गोव्यानं त्याला आधार दिला. सातारा-सांगलीकडच्या मराठी मंडळींच्या उपासनेत मात्र कानावर येतं ते बरंच निराळं असतं. बाजाची पेटी, तबला, टाळ किंवा खंजिरी. पुढे उभे राहिलेले पाच-सात जण पहिली ओळ उचलतात आणि मागे बसलेली अख्खी मंडळी तीच ओळ त्याच सुरात परतवते. थर एकच, पण तो शंभर-दीडशे गळ्यांचा. पाश्चात्त्य समूहगायनाची सवय असलेल्या माणसाला हे ‘क्वायर’ वाटतच नाही, आणि हल्ली या मंडळींमधल्या तरुणांनाही वाटेनासं झालं आहे. माझं म्हणणं याच्या उलट आहे. या मुलखात चर्चचं गाणं पाच पिढ्या टिकलं ते या एकसुरी, चालीवर चालणाऱ्या गायनामुळे. म्हणून इथल्या क्वायरचं मोल ती सुरांचे किती थर रचते यावरून करू नये. ती किती चाली सांभाळते आणि बाकावरच्या माणसाला किती गायला लावते, यावरून करावं.

हे समजून घ्यायला चर्चपासून सुरुवात करून चालत नाही, गावापासून करावी लागते. कुंडल घ्या. आज पलूस तालुक्यात आणि सांगली जिल्ह्यात मोडणारं हे गाव पूर्वी औंध संस्थानात होतं. भोवतीचा मुलूख सातारा जिल्ह्याचा. १९४९ साली त्यातून दक्षिण सातारा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांसाठी प्रसिद्ध, पण ते स्वतः कीर्तनालाही उभे राहत. १९४३ नंतर प्रतिसरकारच्या काळात कुंडल हा क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांच्या चळवळीचा बालेकिल्ला झाला, आणि गावोगावच्या सभांत शाहीर शंकरराव निकमांसारख्यांचे पोवाडे घुमले. पोवाड्यात शाहीर एकटा कधीच गात नाही. मागे झीलकरी असतात, ते ओळीचा शेवट उचलतात, शाहिराला श्वास घ्यायला उसंत देतात आणि समोरच्या गर्दीला कुठे साद द्यायची ते दाखवतात. कीर्तनात हेच काम टाळकरी करतात, तमाशात सुरते करतात. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं तेव्हाही सूत्रधार पदं म्हणे आणि मागचे साथीदार ती धरत. म्हणजे एक पुढे, अनेक मागे, आणि त्यांच्यामागे सगळा गाव ही रचना इथे मिशनरी येण्याआधीपासून रुळलेली होती. शेजारच्या पलूस गावाचं नाव आडनावात घेऊन पुढे लाहोरपर्यंत गेलेले विष्णु दिगंबर पलुसकर याच मुलखाचे. जन्म कुरुंदवाडचा, तालीम मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. शास्त्रीय संगीत दरबारातून बाहेर काढून हजारो लोकांना सभेत एकत्र भजन म्हणायला लावणारा हा पहिला मोठा गवई होता, आणि तेही त्याला इथल्या पाण्यातच सापडलं असणार असं मानायला मला आवडतं.

मिशनरी आले ते दोन वाटांनी. साताऱ्याकडे अमेरिकन मराठी मिशन, ज्याचं बस्तान मुंबई आणि अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) इथे होतं. कोल्हापूर-सांगली-मिरजेकडे प्रेसबिटेरियन, ज्यांचं काम रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात सुरू केलं आणि ज्यांचं नाव पुढे डॉ. वॉनलेस यांच्या मिरजेच्या रुग्णालयामुळे घरोघरी पोहोचलं. दोन्ही मिशनं प्रॉटेस्टंट, आणि दोघांच्याही परंपरेत गाणं हे मुळात मंडळीचं काम होतं, वेगळ्या गायकवर्गाचं नव्हतं. ही गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे. प्रेसबिटेरियनांचा वैचारिक पूर्वज कॅल्व्हिन. त्याच्या जिनिव्हातलं स्तोत्रांचं पुस्तक १५६२ साली पूर्ण झालं आणि तिथल्या चर्चमध्ये ती स्तोत्रं सगळ्यांनी एकाच सुरात म्हणायची अशी शिस्त होती. क्लोद गुदिमेलनं त्यांना चार आवाजांच्या रचना दिल्या, पण त्या घरी गाण्यासाठी. न्यू इंग्लंडमधून आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. बॉस्टनमध्ये लोवेल मेसननं १८३० च्या दशकात साध्या चार आवाजांच्या भजनांचा आणि शाळेतल्या संगीतशिक्षणाचा धडाका लावला होता, आणि तोच कान घेऊन ही मंडळी आली. त्यांनी मराठी शब्द त्या चालींवर बसवले. त्यांतली काही गाणी जमली, बरीच लंगडली. कारण शब्दांच्या अर्थात नव्हतं, वजनात होतं. इंग्रजी भजनाची ओळ बहुतेकदा हलक्या अक्षरानं उघडते आणि पुढच्यावर आघात देते. मराठीत आघात सौम्य, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशोब मोठा, आणि शब्दाचं शेवटचं अक्षर पुष्कळदा लांबतं. परक्या चालीवर मराठी ओळ टाकली की जिथे ऱ्हस्व हवा तिथे सूर ताणला जातो आणि जिथे दीर्घ हवा तिथे तो तुटतो. म्हणणाऱ्याची जीभ प्रत्येक ओळीत ठेचकाळते. अशी गाणी वहीत पाहून म्हणता येतात, पण शेतात एकट्यानं गुणगुणली जात नाहीत.

त्याची दुरुस्ती आतूनच झाली. अहमदनगरच्या मंडळींत कृष्णराव रत्नोजी सांगळे यांच्यासारख्यांनी पदं लिहिली, ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं. आणि मग नारायण वामन टिळक आले. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनं आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगितलं, आणि तो पूल मोडला नाही. उलट त्यावरून अख्ख्या मंडळीची ये-जा सुरू केली. अभंग, पदं, आरत्या, भजनं. मराठी प्रॉटेस्टंट मंडळींच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांचा वाटा इतका मोठा आहे की तो काढला तर पुस्तकच खिळखिळं होईल. टिळकांचा शेवटचा प्रयोग आपल्याच मुलखातला. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला आले आणि बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सर्वांसाठी ‘देवाचा दरबार’ मांडला. दोनच वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात, ते गेले. दरबार फार काळ चालला नाही, पण गाणी चालली. याचं श्रेय केवळ त्यांच्या काव्यगुणाला देणं मला पुरेसं वाटत नाही. त्यांचं त्याच ताकदीचं काव्य ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण करूनही वाचलं किती जातं? गाणी चालली कारण ती ज्या चालींवर बसवली होती त्या लोकांना आधीच येत होत्या. तीन शतकं आधी, १६१६ साली, गोव्यात रायतूरला फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’नं ओवी निवडली ती याच कारणानं: नवी कथा, जुनी चाल.

आता पहिला आक्षेप. एकसुरी गाण्याला समूहगान म्हणायचं कशाला, शंभर माणसं एकच सूर गातात यात कला ती कोणती, आणि सुरांची संगती हा जागतिक ख्रिस्ती वारसा असताना मराठी मंडळीनं त्यापासून वंचित का राहावं? या आक्षेपात इतिहासाची एक चूक आहे. युरोपातल्या चर्चनं आपली पहिली जवळजवळ हजार वर्षं एकाच सुरात काढली. ग्रेगोरियन गायन एकसुरीच आहे, आणि १९०३ साली पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीताचा आदर्श म्हणून पुन्हा त्याच्याकडेच बोट दाखवलं. (त्याच फर्मानात त्यांनी स्त्रियांना उपासनेच्या गायकवृंदातून वगळलं होतं. त्या काळात अहमदनगर-साताऱ्याच्या मराठी मंडळींत बायका पुरुषांच्या बरोबरीनं गात होत्या, याची नोंद आपल्याकडचे लोक सहसा घेत नाहीत.) बहुसुरी गायन पॅरिसमध्ये बाराव्या शतकात बहरलं, आणि ते मुख्यतः शिकलेल्या गायकांचं होतं. तेव्हा चार थर म्हणजेच समूहगान हे समीकरण धर्माचंही नाही आणि संगीताचंही नाही. शिवाय एका सुरात शंभर गळे बांधणं सोपं असतं हा समज ज्यानं कधी भजनी मंडळ बसवलं नाही त्याचाच असू शकतो.

पण गोव्याचं काय? तिथे भारतीय माणसानं बहुसुरी गायन आत्मसात केलंच ना? केलं, आणि फार सुंदर केलं. फक्त त्यामागची किंमत पाहिली पाहिजे. गोव्यात सोळाव्या शतकापासून चर्चला जोडलेल्या शाळा होत्या. तिथला मेस्त्री, म्हणजे संगीतशिक्षक, गावातल्या पोरांना लहानपणी सुरांची लिपी वाचायला, व्हायोलिन धरायला आणि आपला आवाज दुसऱ्याच्या आवाजात न हरवता टिकवायला शिकवी. ही व्यवस्था तीन-साडेतीन शतकं पिढ्यान्‌पिढ्या चालली. अँथनी गोन्साल्विस, सॅबेस्टियन डिसूझा यांच्यासारख्यांनी पुढे मुंबईच्या सिनेमाला जे वाद्यवृंद दिले ते या शाळांचंच देणं. सातारा-सांगलीकडे असा एकही मेस्त्री पगारावर नव्हता. इथे मिशनची शाळा होती, दवाखाना होता, वसतिगृह होतं. संगीताची शाळा नव्हती. ज्या मंडळीत निम्मे लोक निरक्षर होते तिथे चार आवाजांची लिपी कोण वाचणार? चाल मात्र ऐकून येते. तेव्हा इथे बहुसुरी क्वायर रुजली नाही हा अभिरुचीचा दोष नव्हे, शाळा नसल्याचा परिणाम आहे. आणि जे रुजलं ते शाळेवाचून रुजण्यासारखं होतं, हे त्याचं बळ आहे.

पेटीचीही यात भूमिका आहे. पायानं भाता मारायचा ऑर्गन मिशनऱ्यांबरोबर आला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात त्याची मांडी घालून एका हातानं भाता हलवता येईल अशी पेटी झाली. एक हात भात्यावर अडकला म्हणजे सुरांसाठी एकच हात उरला. त्या एका हातानं पेटीवाला गळ्याच्या मागोमाग चाल वाजवतो, गळा अडखळला तर पुढे होऊन वाट दाखवतो. सुरांचे गठ्ठे दाबून खालून टेका द्यायचा हे या वाद्याचं काम राहिलंच नाही. पेटीवर आकाशवाणीनं १९४० मध्ये बंदी घातली ती तिचे स्वर ठोकळेबाज आहेत म्हणून. खेड्यातल्या मंडळीला तोच ठोकळेबाजपणा उपयोगी पडला, कारण गळा कितीही सरकला तरी पट्टी जागेवर राहते. भैरवी किंवा पिलूच्या अंगानं जाणाऱ्या भजनात कोमल-शुद्ध स्वर एकाच ओळीत ये-जा करतात. त्यांच्याखाली पाश्चात्त्य संगतीचे गठ्ठे ठेवायला गेलं की चालीचं वळण सरळ होतं आणि गाणं बोथट होतं. चांगल्या रचनाकाराला हे टाळता येतं. पण तो चांगला असावा लागतो.

इथवर मी एकसुरी गाण्याची बाजू घेतली. एका बाबतीत मात्र समोरची बाजू खरी आहे. चार आवाजांची मोठी सोय ही की त्यात प्रत्येकाला आपल्या गळ्याला झेपेल त्या उंचीवर गाता येतं. एकसुरी गाण्यात तसं नसतं. पुरुषांचं भजनी मंडळ काळी एक किंवा काळी दोनमध्ये रमतं. बायकांना काळी चार-पाच सोयीची. मंडळीत दोघं एकत्र बसतात, आणि पट्टी पेटीवाल्याच्या मर्जीनं ठरते. मग एकतर पुरुष वरच्या पट्टीत ओरडतात, नाहीतर बायका खालच्या षड्‌जापाशी पुटपुटतात, आणि बहुतेक वेळा पुटपुटण्याची पाळी बायकांवर येते. हा दोष गंभीर आहे. पण त्यावरचा उपाय परंपरेतच आहे. एक ओळ पुरुषांनी, पुढची बायकांनी, ध्रुपद सगळ्यांनी, अशी देवाणघेवाण भजनात आहे, सवाल-जबाबात आहे, आणि स्तोत्रसंहिता दोन गटांत आळीपाळीनं म्हणण्याची ख्रिस्ती परंपरा तर ग्रेगोरियन गायनाहूनही जुनी आहे. यासाठी लिपी वाचता यायला नको. क्वायर नीट बसवलेली हवी, आणि ती दोन्हीकडे वाटून बसलेली हवी.

दुसरा आक्षेप जातीचा आहे, आणि तो टाळणं अप्रामाणिकपणा होईल. देशावरच्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळींतले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातून आले. त्यांच्या उपासनेला भाषा आणि चाल दिली ती चित्पावन घरात जन्मलेल्या कवीनं. मग हे ‘देशीकरण’ म्हणजे वरच्या जातीच्या अभिरुचीचंच दुसरं रूप झालं का? अर्धं उत्तर असं की अभंग ही ब्राह्मणांची मिरास कधीच नव्हती. तुकोबा कुणबी, आणि त्याआधी चोखोबा, सोयराबाई, कर्ममेळा यांनी याच छंदात देवाला जाब विचारला होता. बाप्तिस्मा घेतलेल्या महाराला अभंग टिळकांकडून प्रथम ऐकावा लागला नाही. उरलेलं अर्धं उत्तर मात्र आक्षेपाच्या बाजूनं जातं. टाळ-मृदंग-तबला-पेटी आत आली, पण ढोलकी, हलगी, तुणतुणं जवळजवळ दाराबाहेरच राहिलं. हलगी हे मांगांचं वाद्य. ज्या समाजानं गावची वाजंत्री शतकानुशतकं सांभाळली, तोच समाज चर्चमध्ये आल्यावर आपली वाद्यं बाहेर ठेवून आला, कारण तमाशाची बदनामी आणि गावकीच्या चाकरीची आठवण त्या वाद्यांना चिकटली होती. ती ठेवून देण्यात सुटकाही होती, हे मान्य केलं पाहिजे. याच मुलखातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी उलट केलं. त्यांनी तमाशाची ढोलकी घेऊन कामगारांचं गाणं उभं केलं. भीमगीतांनीही लोकचालींना कधी अस्पृश्य मानलं नाही. वामनदादा कर्डकांची गाणी वस्त्यांत तोंडपाठ झाली ती त्यामुळेच. मराठी चर्चच्या गाण्यात झीलकऱ्याची रचना आली आणि झीलकऱ्याची हलगी आली नाही, ही तफावत राहिली. ती भरून काढायला आजही कुणी अडवलेलं नाही.

खरा धोका आता वेगळ्याच बाजूनं आहे, आणि तो समजायला जुनी गीतपुस्तकं उघडावी लागतात. त्यांत गाण्याच्या वर ‘चाल’ असं लिहून दुसऱ्या एखाद्या गाण्याची सुरुवात दिलेली असते. १८८० च्या ‘शाकुंतल’ या संगीत नाटकानंतर नाट्यपदं गल्लोगल्ली पोहोचली होती, छापखान्याला स्वरलिपी परवडत नव्हती आणि वाचकाला ती येत नव्हती. तेव्हा ओळखीच्या पदाकडे बोट दाखवणं हा स्वस्त आणि हुशार मार्ग होता. पण या मार्गाला मुदत असते. ज्या पदाकडे बोट दाखवलं तेच विसरलं गेलं की शब्द छापील राहतात आणि गाणं मुकं होतं. अशा कितीतरी पानांवरून आज मंडळी न थांबता पुढे जाते. पलुसकरांनी आणि भातखंड्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वरलिप्या तयार केल्या, शेकडो बंदिशी त्यामुळे वाचल्या. त्यांतल्या एकाचं आडनाव कुंडलच्या शेजारच्या गावावरून पडलेलं, त्याची तालीम मिरजेत झालेली, आणि त्याच मिरजेच्या मंडळींची भजनं मात्र गळ्यावरच राहिली. यात कुणाचा दोष शोधण्यात अर्थ नाही. पण गळ्यावर राहिलेली गोष्ट सांभाळायला गळे ठेवावे लागतात, आणि तेच काम क्वायरचं होतं. जुन्या गायकमंडळातली चार वयस्क माणसं जोपर्यंत पुढच्या बाकावर असत, तोपर्यंत पुस्तकातल्या ‘चाल’ या शब्दाला अर्थ होता.

त्यांच्या जागी आता कीबोर्ड, ड्रमसेट आणि प्रत्येकाच्या हातात माईक घेतलेला चार-पाच जणांचा गट आला आहे. त्यांच्या उत्साहाबद्दल माझी तक्रार नाही. नाताळच्या महिन्यात थंडीत रात्र रात्र घरोघर कॅरल म्हणत फिरणारी तीच मुलं असतात. तक्रार यंत्रणेबद्दल आहे. माईकवरचा आवाज मागच्या बाकावरच्या आवाजाला झाकतो, आणि आपलाच आवाज ऐकू आला नाही की माणूस गायचं थांबतो. कीबोर्ड सुरांचे गठ्ठे देतो पण चाल वाजवत नाही, त्यामुळे ज्याला गाणं येत नाही त्याला धरायला दोरी उरत नाही. गाणी निवडली जातात ती हिंदी-इंग्रजी ध्वनिमुद्रणांवरून, त्यांत एका गायकाच्या हरकती असतात, आणि हरकती शंभर जणांना एकत्र घेता येत नाहीत. परिणाम असा की बहुसुरी क्वायर आली नाहीच, आणि एकसुरी मंडळीही श्रोत्यांत बदलू लागली. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनं १९६३ च्या डिसेंबरात उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी केली आणि स्थानिक संगीताला मान द्यायला सांगितलं, तेव्हा कॅथलिकांच्या त्या ठरावामागे लोकांनी प्रत्यक्ष सहभागी व्हावं हाच विचार होता. मराठी प्रॉटेस्टंटांना हे त्याआधीच साधलेलं होतं. साधलेलं हातचं जाणं जास्त वाईट.

काहीजण म्हणतील की यूट्यूबवर जुनी भजनं आहेत, मग राखणदार कशाला? ध्वनिमुद्रण चाल जपतं हे खरं. पण ते एकाच गळ्याची, एकाच पट्टीची, एकाच दिवशीची चाल जपतं. ती कुठे लवते, कुठे शंभर जणांच्या श्वासासाठी थांबते, कुठल्या मात्रेवर मंडळी आत येते, हे त्यात नसतं. त्यासाठी सरळ साधी कामं आहेत. ज्या गीतांच्या चाली दोन-चार वयस्कांनाच येतात त्यांची यादी करून त्या भातखंडे लिपीत उतरवणं, जी आपल्याकडच्या कुठल्याही संगीतवर्गातल्या मुलाला वाचता येते. क्वायरच्या सरावात आठवड्याला एक विसरलेलं गीत घेणं. रविवारी पहिलं कडवं क्वायरनं एकटीनं म्हणून मग माईक बंद करणं. पट्टी पेटीवाल्यानं नव्हे तर मागच्या बाकावरच्या बायकांनी ठरवणं. आणि सराव चालू असेल तेव्हा शेजारच्या भजनी मंडळातला एखादा पखवाजवाला किंवा हलगीवाला आला तर त्याला बसायला जागा देणं. साताऱ्यात १९१७ साली मांडलेल्या दरबारात टिळकांनी बाप्तिस्म्याचीही अट ठेवली नव्हती: येणाऱ्यानं यावं आणि बसावं.